गंटर्सव्हिलचा भराव : रँडी हॉवेलचा शेवटचा दिवस आणि लूरची निवड

रविवार, २३ फेब्रुवारी २०१४. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या लेक गंटर्सव्हिलवर बॅसमास्टर क्लासिकचा, म्हणजे बॅस या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशाच्या मासेमारीच्या स्पर्धेचा, तिसरा आणि शेवटचा दिवस. पहिल्या दोन दिवसांची बेरीज धरता रँडी हॉवेल हा व्यावसायिक मासेमार अकराव्या क्रमांकावर होता, ३८ पौंड ६ औंसांवर. आघाडीवरचा एडविन एव्हर्स सुमारे नऊ पौंड पुढे. बॅसच्या स्पर्धेत नऊ पौंडांची तूट म्हणजे जवळपास संपलेला डाव, कारण दिवसाला फक्त पाचच मासे मोजले जातात. कितीही मासे लागले तरी सहावा काट्यावर चढत नाही.

संध्याकाळी बर्मिंगहॅममध्ये वजनं झाली तेव्हा हॉवेलचे त्या एका दिवसाचे पाच मासे २९ पौंड २ औंस भरले. सव्वातेरा किलोंच्या आसपास, म्हणजे सरासरी एक मासा अडीच किलोंहून जास्त. तीन दिवसांचे मिळून ६७ पौंड ८ औंस. दुसरा आलेला पॉल म्यूलर ६६ पौंड ८ औंसांवर थांबला, बरोबर एक पौंड मागे. एव्हर्स तिसरा. तीन लाख डॉलरचं बक्षीस हॉवेलने नेलं, आणि बघणाऱ्यांच्या तोंडी तोच नेहमीचा प्रश्न होता: लूर, म्हणजे नकली आमिष, कोणता लावला होता?

उत्तर दोन नावांत संपतं. एक, लिव्हिंगस्टन कंपनीचा 'हॉवेलर', म्हणजे हॉवेलच्याच नावावर निघालेला क्रँकबेट (तोंडाशी तिरकी पट्टी असलेला, ओढला की बुडणारा माशाच्या आकाराचा लूर). दुसरा, रापाला कंपनीचा 'डीटी-६', 'डेमन' नावाच्या लालसर रंगातला. दोन्ही बाजारातले लूर. पण एवढंच उत्तर घेऊन कुणी दुसऱ्या तळ्यावर, दुसऱ्या महिन्यात गेलं तर पैसे वाया जाण्याची शक्यता जास्त. माझं म्हणणं असं, की हॉवेलने त्या सकाळी जागा निवडली आणि लूर जागेने निवडला. रंग, कंपनी, आतली खुळखुळ हे सगळं त्यानंतरचं. या प्रकरणाची उकल त्याच क्रमाने करतो.

स्पर्धा आणि पाणी

क्लासिक ही बी.ए.एस.एस. या संस्थेची सर्वांत मानाची स्पर्धा. अलाबामातल्या रे स्कॉट नावाच्या विमा विक्रेत्याने १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात ही संस्था उभी केली आणि पहिली क्लासिक १९७१ साली नेवाडातल्या लेक मीडवर झाली. इथे गांडूळ, जिवंत छोटा मासा असलं खरं आमिष चालत नाही. जे टाकायचं ते नकलीच. मासे बोटीतल्या हवा खेळत्या टाकीत जिवंत ठेवायचे, मेलेल्या माशामागे वजनातून दंड कापला जातो, आणि वजन झालं की मासे परत पाण्यात. पाच भरल्यावर सहावा मोठा लागला, तर टाकीतला सर्वांत लहान सोडून त्याला घ्यायचं. गंटर्सव्हिलवर पंधरा इंचांखालचा लार्जमाउथ जातीचा बॅस ठेवताच येत नाही. शेवटच्या दिवशी फक्त पहिले पंचवीस स्पर्धक पाण्यात उतरतात.

लूरच्या निवडीशी या नियमांचा थेट संबंध आहे. रमतगमत मासेमारी करणाऱ्याला दिवसभरात एक मोठा मासा लागला तरी दिवस सोन्याचा. स्पर्धकाला पाच मोठे हवेत, ठरलेल्या वेळात. त्यामुळे 'हा लूर मासा पकडतो का' एवढं त्याला पुरत नाही. हा लूर तासाभरात किती पाणी पालथं घालतो, हेही तो मोजतो.

आता तळं. टेनेसी नदीवरचं गंटर्सव्हिल धरण १९३९ साली पुरं झालं. बांधलं टेनेसी व्हॅली अथॉरिटीने, म्हणजे ज्या संस्थेच्या धर्तीवर पुढे आपल्याकडे दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन उभं राहिलं ती. जलाशय सुमारे ६९ हजार एकरांचा, आपल्या नाथसागराहून थोडा लहान, पण लांबीला जवळजवळ १२० किलोमीटर. बराच भाग उथळ, आणि पाण्याखाली हायड्रिला आणि मिलफॉइल या वनस्पतींची गच्च कुरणं. गंटर्सव्हिलची कीर्ती या गवतामुळे आहे. या तळ्यावर बॅस म्हटलं की आधी गवत आठवतं, आणि इथेच हॉवेलचा निर्णय वेगळा ठरतो.

हंगाम महत्त्वाचा. २०१४चा हिवाळा दक्षिणेत नेहमीपेक्षा कडक गेला होता. जानेवारीच्या अखेरीस थोड्याशा बर्फाने बर्मिंगहॅम आणि अटलांटाचे रस्ते ठप्प झाले होते. फेब्रुवारीच्या शेवटी हवा सुधारू लागली तरी पाणी थंडच, साधारण दहा अंश सेल्सियसच्या आगेमागे. लार्जमाउथ बॅस अंडी घालतो ती पाणी सोळा-अठरा अंशांना पोहोचल्यावर. मधल्या काळात माशांची एक ठरावीक हालचाल असते. हिवाळाभर खोल पाण्यात थांबलेले मासे हळूहळू खाड्यांच्या तोंडाशी, उथळाला लागून असलेल्या थांब्यांवर येऊन जमतात. अंड्यांनी भरलेल्या माद्या वर्षातल्या सर्वांत जड वजनावर असतात. म्हणूनच या स्पर्धेत वजनं अशी चढली. दुसऱ्या दिवशी म्यूलरने पाच माशांचे ३२ पौंड ३ औंस आणले, तो क्लासिकमधला एका दिवसाचा विक्रम होता.

खोक्यात काय काय होतं

फेब्रुवारीच्या अखेरीस या तळ्यावर कुठलाही जाणकार चार-पाच पर्याय घेऊन निघतो. ते एकेक तपासले तर हॉवेलची निवड कळते.

पहिला पर्याय पुढची पट्टी नसलेला, चपट्या अंगाचा, ओढला की थरथरणारा आणि आतल्या छऱ्यांनी खुळखुळणारा लूर. रॅट-एल-ट्रॅप हे त्यातलं जुनं नाव. तो पाण्याखालच्या गवताच्या शेंड्यांवरून ओढायचा, अडकला की झटक्याने सोडवायचा. सुटताना जी उसळी बसते तिच्यावर मासा तुटून पडतो. गंटर्सव्हिलवर हिवाळ्याच्या शेवटी हा अगदी हुकमी लूर. पण तो बुडतो. दगडांच्या उतारावर टाकला की फटीत जाऊन बसतो आणि तिथेच राहतो. गवतासाठी उत्तम, दगडासाठी खर्चिक.

दुसरा जर्कबेट. सडपातळ, पाण्यात अधांतरी थांबणारा. दोन झटके, मग लांब विश्रांती. पाणी स्वच्छ आणि फारच थंड असेल तर याच्यासारखा दुसरा नाही. मात्र त्याची सगळी जादू थांबण्यात आहे, आणि थांबण्यात वेळ जातो.

तिसरा जिग: शिशाचं डोकं, रबरी झालर, मागे प्लास्टिकचा नकली क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातल्या छोट्या शेवंडीसारखा दिसणारा प्राणी. दगडांवरून तळाशी सरपटवायचा. मोठे मासे देणारा लूर, यात वाद नाही. पण नऊ पौंड मागे असलेल्या माणसाने सकाळच्या पहिल्या तासात जिग हातात घ्यावा का? मी म्हणेन, नाही. मासे कुठे आहेत हे नक्की झाल्यावर जिग, शोधताना नाही.

चौथ्या पर्यायाची गोष्ट वेगळी आहे आणि ती याच तळ्यावरची आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये पॉल इलायस या अनुभवी खेळाडूने गंटर्सव्हिलवरच एफएलडब्ल्यू या दुसऱ्या संस्थेची स्पर्धा चार दिवसांत १०२ पौंडांहून अधिक वजन करून जिंकली. त्याच्याकडे होता अलाबामा रिग: छत्रीच्या काड्यांसारख्या तारा, प्रत्येक तारेच्या टोकाला एकेक नकली मासा, म्हणजे एका फेकीत माशांचा छोटा थवाच. मसल शोल्सच्या अँडी पॉसने तो बनवला होता. त्यानंतर देशभर जी धावपळ झाली ती पाहिली, तर एखाद्या लूरने सगळे प्रश्न सुटतात असंच कुणालाही वाटेल. बी.ए.एस.एस.ने पुढे आपल्या एलिट मालिकेत आणि क्लासिकमध्ये त्यावर बंदी घातली. म्हणजे २०१४च्या क्लासिकमध्ये तो दरवाजाच बंद होता, आणि मला वाटतं ते या प्रकरणाच्या दृष्टीने बरंच झालं. सर्वांना पुन्हा साध्या लूरने, जागेचा विचार करून खेळावं लागलं.

राहिला क्रँकबेट. गुटगुटीत लाकडी किंवा प्लास्टिकचा मासा, तोंडाशी तिरकी पारदर्शक पट्टी, तिला लिप म्हणतात. ओढला की लिपवर पाण्याचा दाब पडतो आणि तो डोकं खाली घालून बुडतो. ओढणं थांबवलं की तरंगत वर येतो. पोटाखाली आणि शेपटीशी एकेक तीनमुखी गळ.

वळण

हॉवेलने नंतर सांगितलं की त्या सकाळी तो ठरवलेल्या दुसऱ्या जागेकडे निघाला होता, आणि वाटेत स्प्रिंग क्रीकच्या पुलाकडे वळण्याची त्याला आतून प्रेरणा झाली. तो श्रद्धाळू ख्रिस्ती माणूस. श्रेय त्याने देवाला दिलं. त्याच्या श्रद्धेवर बोलण्याचं मला कारण नाही. पण तो जिकडे वळला ती जागा अशीतशी नव्हती, आणि अलाबामातच राहणाऱ्या, हे तळं ओळखून असलेल्या व्यावसायिकाला 'आतून' जे सुचतं त्यात वर्षानुवर्षांचा अभ्यास मुरलेला असतो, हेही विसरू नये.

स्प्रिंग क्रीक ही गंटर्सव्हिल गावालगतची तळ्याची एक शाखा. तिच्यावरून रस्ता जातो तो मातीच्या भरावावरून, आणि मध्ये पाण्याला जाण्यापुरती पुलाची मोकळी जागा. भरावाची माती धुपू नये म्हणून दोन्ही अंगांना मोठमोठे दगड टाकलेले, आपल्याकडे धरणाच्या भिंतीला पिचिंग करतात तसे.

थंडी सरतानाच्या बॅसला अशा ठिकाणी काय मिळतं? एक तर वाट. खोल पाण्यातून शाखेच्या आतल्या उथळ भागात अंडी घालायला जाणाऱ्या प्रत्येक माशाला भराव आडवा येतो आणि पुलाखालच्या अरुंद तोंडातून जावं लागतं. जाताना तो भरावाच्या कडेला रेंगाळतो. दुसरं, दगड. दिवसभर ऊन खाल्लेला दगड आजूबाजूच्या पाण्याला किंचित ऊब देतो. दहा अंशांच्या पाण्यात तो किंचितपणा माशाला कळतो. तिसरं, खाणं. दगडांच्या फटींत क्रॉफिश राहतात आणि बॅसला ते फार आवडतात. चौथं, प्रवाह: धरणातून वीजनिर्मितीसाठी पाणी सुटलं की नदीवरच्या या साखळी जलाशयांत पाणी चालू लागतं, आणि अरुंद तोंडाशी ती ओढ जास्त जाणवते. हलतं पाणी बारीक मासे आणतं, बारीक माशांमागे मोठे.

गवताच्या मैदानात मासा कुठेही असू शकतो. भरावावर तो एका पट्ट्यात असतो, रुंदीला काही फूट. शोध इतका आटोपशीर झाला की लूरचा प्रश्न निम्मा सुटला.

फेकीचा कोन

या प्रकरणातला सर्वांत उपयोगाचा भाग माझ्या मते हा आहे, आणि लोक नेमका तोच वगळून थेट रंगावर येतात.

भरावाचा उतार समजा पंचेचाळीस अंशांचा आहे. काठापासून सहा फुटांवर पाणी सहा फूट खोल. वीस फुटांवर वीस फूट. आता बोट पाण्यात लांब उभी करून सरळ काठाकडे फेक केली, तर सहा फूट बुडणारा क्रँकबेट पहिल्या काही फुटांतच दगडांना शिवेल. पुढचा सगळा प्रवास उघड्या पाण्यातून, तळापासून कितीतरी वर, जिथे या दिवसांत बॅस नाही. म्हणजे प्रत्येक फेकीचा मोठा हिस्सा फुकट.

बोट काठाला लगटून ठेवली आणि फेक काठाला समांतर केली की गणित पालटतं. लूर बुडून आपल्या खोलीला पोहोचला की तिथून बोटीपर्यंत तो चार-सहा फुटांच्या त्याच पट्ट्यात राहतो, दगडांना ठोकर देत. फेकीचा जवळजवळ प्रत्येक फूट कामाचा. काठावरून मासेमारी करणाऱ्याला तर ही सोय आपसूक आहे. भरावावर उभं राहून तो काठाला समांतर फेकू शकतो, बोटीची गरज नाही.

ठोकर हा शब्द मुद्दाम वापरला. थंड पाण्यातल्या बॅसची पचनक्रिया मंद असते, भूक बेताची. त्याच्या पुढून सरळ रेषेत पोहत जाणाऱ्या लूरकडे तो बघून सोडून देतो. तोच लूर दगडावर आपटला, बाजूला फेकला गेला, क्षणभर थांबला, तर विचार करायच्या आत त्याचं तोंड उघडतं. क्रँकबेटची लिप इथे दुहेरी काम करते. ती लूरला खाली नेते, आणि आंधळ्याची काठी जशी पुढे चाचपत जाते तशी लूरच्या आधी दगडाला भिडते. मागचे गळ वर राहतात. त्यामुळे क्रँकबेट वाटतो तितका अडकत नाही.

अडकलाच तर? रापालाचा डीटी-६ बाल्सा लाकडाचा आहे. बाल्सा अतिशय हलका. तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, सैल सोडला की लूर उलटा, ज्या बाजूने आला त्या बाजूने वर तरंगतो आणि बहुतेक वेळा फटीतून सुटतो. प्लास्टिकचे अनेक क्रँकबेट इतक्या चपळाईने सुटत नाहीत. दगडांच्या भरावावर बाल्साचा खरा फायदा हाच, आणि त्याची किंमत म्हणजे लाकूड नाजूक: पुलाच्या खांबावर चुकून आपटला की लिप ढिली होते.

नावातला सहाचा आकडा खोली सांगतो: डीटी-६ सुमारे सहा फुटांपर्यंत जातो. मात्र हे तंगूसवर अवलंबून. जाड दोरा पाण्यात जास्त अडतो आणि लूरला वर धरतो. बारीक दोऱ्यावर तोच लूर फूटभर तरी खोल जाऊ शकतो. क्रँकबेटसाठी बरेच जण दहा ते बारा पौंडांचा फ्लुरोकार्बन वापरतात, कारण तो बुडतो आणि दगडाची ठोकर हातात नीट येते. कांडी मात्र जरा मऊ हवी. तीनमुखी गळाचे काटे बारीक असतात. ताठ कांडीने जोरात ओढलं तर ते ओठ फाडून निघतात. आणि रीळ कमी वेगाचं, म्हणजे थंड पाण्यात हात आपोआप आवरला जातो.

याच ठिकाणी वेगाचा हिशेबही पाहावा. जिगने एक समांतर फेक नीट खेळायला जितका वेळ लागतो तितक्यात क्रँकबेटच्या कितीतरी फेकी होतात. मागे पडलेल्या माणसाला नुसते मासे नको होते, टाकीतले लहान मासे बदलून मोठे घ्यायचे होते, आणि त्यासाठी भरपूर संधी हव्या होत्या. हॉवेलचा पाचाचा कोटा सकाळीच भरला. नंतरचा वेळ तो वजन चढवत राहिला. हे मंद लूरने होणं मला अवघड दिसतं.

रंग, आवाज आणि प्रायोजक

आता लाल रंग. दक्षिणेत फेब्रुवारी-मार्च म्हटलं की लाल क्रँकबेट, ही जवळजवळ रूढीच आहे. कारण सांगतात की या दिवसांत क्रॉफिश लालसर होतात. मी दगड उलटून पाहिले तेव्हा तपकिरी, हिरवट, मातकट असे सगळे रंग दिसले आणि लालही दिसला. त्यामुळे या कारणावर माझा फारसा भर नाही. दुसरं कारण अधिक पटतं. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी लार्जमाउथच्या डोळ्यांचा आणि वागण्याचा अभ्यास केला, त्यात असं आढळलं की या माशाच्या डोळ्यात रंग टिपणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या आहेत, हिरव्याला आणि लालला प्रतिसाद देणाऱ्या. लाल आणि हिरवा तो चांगला ओळखतो. पोपटी-पिवळा आणि पांढरा यांत मात्र त्याची गफलत होते, तशीच निळ्या आणि काळ्यात. म्हणजे लाल निदान त्याला दिसतो तरी. खोल पाण्यात लाल प्रकाश सर्वांत आधी शोषला जातो हे खरं, पण चार-सहा फुटांवर तो बराचसा शिल्लक असतो.

यातून 'लालच हवा' असं निघत नाही. 'लाल चालतो' एवढं निघतं. त्याच भरावावर, त्याच खोलीला, त्याच ठोकरा देत तपकिरी-नारिंगी लूर ओढला असता तर मासे लागले नसते, असं मानायला माझ्याकडे काही आधार नाही. उलट हा लाल लूर गवताच्या उघड्या मैदानावर, तळाला न लागता ओढला असता तर तो २९ पौंडांचा दिवस झाला असता, असं तर मुळीच वाटत नाही.

आवाजाची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. लिव्हिंगस्टनच्या लूरमध्ये पाण्यात पडल्यावर चालू होणारी इलेक्ट्रॉनिक चिप असते आणि ती चाऱ्याच्या माशांसारखा आवाज काढते, असा कंपनीचा दावा. हॉवेलने त्या दिवशी चिपवालाही वापरला आणि बिनचिपचा रापालाही. दोन्हींवर मासे आले असतील तर चिपचं योगदान वेगळं काढता येत नाही. एका दिवसाच्या, एका माणसाच्या अनुभवातून एवढं बारीक उत्तर मागूच नये.

आणि प्रायोजकत्व. हे खेळाडू कंपन्यांच्या पैशावर चालतात. बोटीवर, शर्टावर, टोपीवर नावं असतात. जिंकल्यावर कुठला लूर सांगायचा यात व्यवहार असतो, हे वाचणाऱ्याने धरून चालावं. यात लबाडी असते असं नाही, पण सांगणं निवडक असतं. म्हणूनच या प्रकरणात मला रापालाचं नाव अधिक बोलकं वाटतं. ज्याच्या स्वतःच्या नावाचा लूर एक कंपनी विकते, तो माणूस दुसऱ्या कंपनीच्या लूरचं आणि रंगाचं नाव घेतो, तेव्हा ती माहिती जाहिरातीच्या उलट दिशेने आलेली असते. जिंकणाऱ्यांची लूरची यादी वाचताना असे तपशील शोधावेत. बाकीचं जरा सावधपणे घ्यावं.

दुसऱ्या पाण्यावर

एका दिवसावरून नियम बांधण्याला मर्यादा आहेतच. आदल्या रात्रीच भरावावर नवे मासे येऊन लागले असतील. आदल्या दिवशी हाच माणूस, हेच लूर घेऊन तिथे गेला असता तर काय झालं असतं, याला उत्तर नाही. म्यूलर तर वेगळ्या जागी, वेगळ्या पद्धतीने खेळून एका पौंडाच्या अंतरावर आला. त्यामुळे 'फेब्रुवारीत भराव आणि क्रँकबेट' हा एक खात्रीचा पर्याय आहे, एकमेव नव्हे.

अलाबामातल्याच हंट्सविल शहरात बरीच मराठी मंडळी राहतात आणि गंटर्सव्हिल तिथून तासाभराच्या आतबाहेर. त्यांच्यापैकी कुणाला हात चालवून पाहायचा असेल तर राज्याचा मासेमारीचा परवाना ऑनलाइन मिळतो, आणि पुलांच्या आसपास जिथे गाडी लावायला आणि उभं राहायला परवानगी आहे अशा जागा निवडाव्यात. दगड ओले असतात, बूट चांगले हवेत. उत्तरेकडे, न्यू जर्सी किंवा मिशिगनमध्ये, हीच अवस्था महिना-दोन महिने उशिरा येते. तारीख बघू नये, पाण्याचं तापमान बघावं.

महाराष्ट्रातल्या धरणांत हा बॅस नाही. पण रायगड-रत्नागिरीच्या खाड्यांत जिताड्यासाठी लूर फेकणाऱ्यांना वरचा कोनाचा हिशेब ओळखीचा वाटेल. जेट्टीची आणि बंधाऱ्याची दगडी कड, ओहोटीला पाण्याला येणारी ओढ, आणि कडेला दबा धरून बसलेला मासा. तिथे खाणं क्रॉफिशचं नसून कोळंबी आणि बोयचं, त्यामुळे लूर सडपातळ आणि चंदेरी लागतो. लाल क्रँकबेट तिथे नेण्यात अर्थ नाही. समांतर फेक मात्र जशीच्या तशी चालते.

बॅसच्या पाण्यावर, थंडी सरताना, दगडी काठासाठी खोकं भरायचं असेल तर मी फार पैसे घालणार नाही. सुमारे चार फूट जाणारा एक, सहा फूट जाणारे दोन, दहा फुटांचा एक, शक्यतो बाल्साचे. रंग दोनच: एक लालसर, पाणी गढूळ असेल त्या दिवसासाठी, आणि एक तपकिरी-हिरवट, पाणी स्वच्छ असेल त्या दिवसासाठी. सोबत तीन-चार जिग, म्हणजे क्रँकबेटने मासे सापडल्यावर आणि त्यांनी तोंड फिरवल्यावर त्याच दगडांवर सावकाश परत जाता येईल. सुरुवात सहा फुटांच्या लूरने करावी. दगडाची ठोकर हातात येत नसेल तर आधी खोली बदलावी, मग काठापासूनचं अंतर, मग ओढण्याचा वेग. रंगाची पाळी त्यानंतर.